बंदूक मागू नका, बंदुका जमा करायला लावा

खैरलांजीनंतर जे मोर्चे निघाले त्यांत एक मागणी आम्ही गावोगावी ऐकली. सरकारला आमचे रक्षण करता येत नसेल तर आम्हाला बंदुकीचे परवाने द्यावेत, आमचे आम्ही पाहून घेऊ. त्यानंतर महाराष्ट्रात जिथे जिथे आमच्या वस्तीवर हल्ला झाला, तिथे तिथे ही मागणी पुन्हा वर आली. तरुण कार्यकर्ते ती पोटतिडकीने मांडतात आणि त्यांच्या संतापाला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याच्या घरातली माणसे मारली जातात त्याला शांततेचे प्रवचन देणे सोपे असते, आणि ते देणारे बहुधा सुरक्षित गल्लीत राहणारे असतात.

पण आम्ही वकिली करतो, आणि कायद्याचे पुस्तक उघडून पाहणे हा आमचा धंदा आहे. ही मागणी कायद्याच्या बाहेरची नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ साली झाला. त्याखालचे नियम ३१ मार्च १९९५ रोजी आले. त्यातल्या नियम ३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, जिथे अत्याचाराची शक्यता आहे अशा क्षेत्रात राज्य सरकार गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने देईल. आमच्या पुष्कळ कार्यकर्त्यांना हे कलम तोंडपाठ आहे. मात्र त्याच नियमात या कलमाच्या आधी दोन कलमे आहेत, ती कोणी वाचत नाही. पहिले असे की, अशा क्षेत्रात जे अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत त्यांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरचाकरांचे आणि घरोब्याच्या मित्रांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करावेत आणि ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. दुसरे असे की, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि त्यांची बेकायदा निर्मिती बंद पाडावी.

क्रम पाहा. आधी त्यांची बंदूक जमा, मग बेकायदा बंदुकीची जप्ती आणि शेवटी आमचा परवाना. आम्ही मात्र पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारतो. सरकारला ते सोयीचे आहे. शंभर अर्जांतला एखादा मंजूर करायचा, त्याचा फोटो छापून आणायचा, आणि गावातल्या जमीनदाराच्या घरातली दुनळी जिथे टांगली आहे तिथेच टांगलेली राहू द्यायची.

खैरलांजीचाच हिशेब मांडू. ३ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या धुसाळ्याचे पोलिस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका त्या प्रकरणात साक्षीदार होत्या. आरोपींना अटक झाली, २९ सप्टेंबरला ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर, चौघांना मारून कालव्यात टाकले. ३ ते २९ सप्टेंबर हे सव्वीस दिवस. या सव्वीस दिवसांत मारहाण झाली होती, तक्रार होती, साक्षीदार कोण हे गावाला माहीत होते, आणि बौद्धांची घरे त्या गावात बोटावर मोजण्याइतकी होती. अत्याचाराची शक्यता असलेले क्षेत्र म्हणतात ते आणखी कसे असते? अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १७ जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलिस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला नेमका हाच अधिकार देते. असे क्षेत्र जाहीर करा आणि शांतता राखण्याची कारवाई करा. तो अधिकार मोहाडी तालुक्यात त्या सव्वीस दिवसांत कोणी वापरला असता तर हा लेख आम्हाला वेगळा लिहावा लागला असता.

आता कोणी म्हणेल, खैरलांजीत बंदूक कुठे होती? काठ्या होत्या, सायकलच्या चेन होत्या, कुऱ्हाडी होत्या. खरे आहे. म्हणूनच सुरेखाताईंच्या हाती बंदूक असती तर, हा प्रश्न आम्हाला पोकळ वाटतो. परवान्याचा अर्ज करायचा जिल्हादंडाधिकाऱ्याकडे. त्यावर अहवाल द्यायचा जवळच्या पोलिस ठाण्याने. म्हणजे ज्या ठाण्याने संरक्षण दिले नाही, त्याच ठाण्याने शेरा मारायचा की यांना संरक्षणाची गरज आहे. तो शेरा सव्वीस दिवसांत येत नाही, सव्वीस महिन्यांतही येईल याची खात्री नाही. आणि काठी-कुऱ्हाडीला परवाना लागत नाही, पण बंदी लागू शकते. तेव्हाचा मुंबई पोलिस अधिनियम, आताचा महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१, त्याच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी पंधरा दिवसांसाठी बंदुका, तलवारी, भाले, सुरे, सोटे, लाठ्या घेऊन फिरण्यावर बंदी घालू शकतो. हे कलम आम्हाला चांगले परिचयाचे आहे, कारण आमचा मोर्चा किंवा मिरवणूक निघायची म्हटले की ते हमखास लागू होते. निळ्या झेंड्याच्या काठीकडेसुद्धा तेव्हा बंदोबस्तावरचा शिपाई निरखून पाहतो. साक्षीदारांच्या दारासमोर मात्र हे कलम उभे राहत नाही.

खैरलांजीच्या निषेधात नोव्हेंबर २००६ मध्ये अमरावतीत पोलिसांची गोळी चालली आणि एक आंदोलक गेला. त्याआधी ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली होती. बंदूक कोणाच्या हातात आहे आणि तिचे तोंड कोणाकडे आहे हा प्रश्न आमच्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नावर काय भूमिका घेतली, हे मात्र पुस्तकातूनच शिकावे लागेल, कारण सभांमधून ते सांगितले जात नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत आजचे कलम १९ चर्चेला होते. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क हा मूलभूत हक्क म्हणून द्यावा. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात हा हक्क होता, इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने देश निःशस्त्र केला होता, असा त्यांचा युक्तिवाद होता. भावनेला हात घालणारा युक्तिवाद होता. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेण्याचा बिनशर्त हक्क दिला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. आजच्या काळात व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र उचलण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असे त्यांनी सांगितले. आणि संविधानात शस्त्राचा उल्लेख आला तो उलट बाजूने आला. कलम १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देते, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा.

हे बोलणारा माणूस बंदुकीला घाबरणारा नव्हता. तो सुभेदार रामजींचा मुलगा होता. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तो लढा चालवला, आणि १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना बाबासाहेबांनी महार पलटण उभी करून घेतली. शिस्तीतली, हिशेबातली, राज्याला जबाबदार असलेली बंदूक त्यांना मान्य होती. गावच्या पाटलाच्या खांद्यावरची खाजगी बंदूक त्यांना मान्य नव्हती, कारण हक्क सर्वांना दिला तरी बंदूक सर्वांना मिळत नाही. ती ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याला मिळते, हे त्यांना कळत होते असे आम्ही समजतो. बाबासाहेबांचे म्हणणे भंडाऱ्याच्या मतदारांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत पटले नव्हते, तो वेगळा इतिहास आहे.

१९५९ चा शस्त्र अधिनियम याच विचाराच्या वाटेवर आहे. शस्त्र हा हक्क नाही, परवानगी आहे. या कायद्यात एक वाक्य असे आहे जे वाचून आमच्या लोकांना आश्चर्य वाटेल. कलम १४ म्हणते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. कागदावर भूमिहीन मजूर आणि दोनशे एकरांचा मालक सारखे. पण कलम १३ वाचा. पिकाच्या रक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना मिळतो. पीक कोणाचे? धानाच्या बांधीत रानडुकरे शिरतात, हे भंडारा-गोंदियातल्या कोणालाही सांगायला नको. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याची चिंताही खरी आहे. मात्र ज्याची बांधीच नाही, जो दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जातो, त्याच्या नावावर पीक नाही आणि म्हणून बंदूकही नाही. रानडुकरासाठी घेतलेली बंदूक बांधावर खांद्याला लटकवून मालक उभा राहिला, की मजुरीचा हिशेब मागणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही.

यावर कायदा काय म्हणतो? परवान्याचे जे पुस्तक मिळते त्याच्या मागच्या पानांवर अटी छापलेल्या असतात. त्यातली एक अट अशी की, जिल्हादंडाधिकाऱ्याने खास परवानगी दिली नसेल तर परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर कोणत्याही सार्वजनिक जमावात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचे नाही. हीच अट १९६२ च्या जुन्या नियमांत होती. शाळेच्या फाटकाच्या आत बंदूक नाही, हे या देशात साठ वर्षांहून जुने बंधन आहे. अमेरिकेत त्यासाठी १९९० साली शाळांभोवती हजार फुटांपर्यंत बंदूकबंदीचा कायदा करावा लागला, तो १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि दुसऱ्या वर्षी थोडा बदलून पुन्हा आणावा लागला. आपल्याकडे एका छापील अटीत ते काम झाले आहे. अट मोडली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, आणि कलम १७ खाली परवानाच रद्द करता येतो.

पण अट वाचतो कोण? काही वर्षांपूर्वी एका खाजगी शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्हाला पाहुणे म्हणून बोलावले होते. संस्थेचे अध्यक्ष व्यासपीठावर आमच्या शेजारी बसले. सदऱ्याच्या खाली कमरेला रिव्हॉल्व्हर, आणि ते दिसावे अशी बसण्याची पद्धत. पहिल्या रांगेतली मुले नाच सोडून तिकडेच पाहत होती. मुख्याध्यापकांना आम्ही हळूच विचारले, हे चालते का? ते म्हणाले, साहेबांचा परवाना आहे. परवाना आहे म्हणूनच चालत नाही, कारण बंदी परवान्यातच लिहिलेली आहे, हे त्यांना पटवायला आम्हाला चहा संपेपर्यंत वेळ लागला. अध्यक्षांना जाऊन सांगायची त्यांची छाती झाली नाही, आणि त्यांच्या नोकरीचा कागद कोणाच्या सहीने निघतो हे माहीत असल्याने आम्हीही त्यांना दोष दिला नाही. आम्ही अध्यक्षांना स्वतःच सांगितले. ते हसले. रिव्हॉल्व्हर जिथे होते तिथेच राहिले. त्या शाळेत आमच्या वस्तीतली मुलेही शिकत होती आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला त्यांना त्याच माणसाच्या खोलीत जावे लागत होते.

शाळेच्या मैदानावरचे दुसरे चित्र आणखी गंभीर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मुंबईजवळच्या मीरा रोडच्या एका शाळेत बजरंग दलाचे शिबिर झाले आणि तरुणांच्या हातात बंदुका असलेली छायाचित्रे बाहेर आली. आयोजकांकडून खुलासा आला तो एअरगनचा. २०२२ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातही एका शिक्षण संस्थेच्या आवारात असेच शिबिर झाले, तिथे त्रिशूळही वाटले गेले. कायद्याची पळवाट इथे आहे. ठरावीक ताकदीपेक्षा कमी असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे परवान्याची अट नाही, आणि अट नाही म्हणजे शाळेचे आवार मोकळे. ज्या मुलाला नेम धरायला शिकवले जाते त्याच्या मनातले लक्ष्य कागदाचे असते की माणसाचे, हे एअरगनच्या ताकदीवरून ठरत नाही. सरकारला इच्छा असेल तर महाराष्ट्र पोलिस अधिनियमाखाली शाळांच्या आवारापुरती स्वतंत्र बंदी घालणे कठीण नाही. इच्छा नाही.

दरवर्षी विजयादशमीला नागपुरात दोन सोहळे होतात. रेशीमबागेत शस्त्रांची पूजा होते. दीक्षाभूमीवर लाखो माणसे, त्यात आमच्या भंडाऱ्याहून रेल्वेने आणि एसटीने जाणारी, कलिंगानंतर तलवार खाली ठेवणाऱ्या सम्राटाचा दिवस म्हणून जमतात आणि पुस्तके विकत घेऊन परततात. पोलिसांचा बंदोबस्त कुठे जास्त असतो ते पाहायला वाचकांनी एकदा जरूर जावे.

हे झाले शाळेचे. कामाच्या जागेचे काय? इथे कायदा जवळजवळ मुका आहे. परवान्याच्या अटीत शाळा आहे, जत्रा आहे, मिरवणूक आहे, कामाची जागा नाही. कारखाना, बँक, वीटभट्टी, राइस मिल, शेत, यांतले काहीही नाही. मालकाने बंदूक टेबलावर ठेवून पगार वाटला तर कोणत्या कलमाखाली बोलायचे? धमकीचे कलम आहे, पण धमकी सिद्ध करावी लागते, आणि टेबलावरची बंदूक काही बोलत नाही.

आमच्याच जिल्ह्यात कामाच्या जागेवरची कडक बंदी कशी असते याचा धडा आहे. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १९६० च्या दशकापासून दारूगोळ्याची स्फोटके बनवतो. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहे. आमच्या समाजाची कितीतरी घरे या नोकरीवर उभी राहिली, मुले इंजिनियर झाली. तिथे कामावर जाणाऱ्याची झडती होते. काडेपेटी नाही, बिडी नाही. तोफेची दारू बनवणाऱ्या माणसाच्या खिशात काडी नसावी, हा नियम तिथे वरपासून खालपर्यंत सर्वांना कळतो. एवढे करूनही २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्यांच्या मृत्यूचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. इथे एवढेच नोंदवतो की, फाटकावर झडती घेणे आणि वस्तू बाहेर ठेवायला लावणे हे सरकारला जमते. आपल्या मालाला धोका आहे असे दिसले की जमते.

आता बीडकडे पाहू. ६ डिसेंबर २०२४. महापरिनिर्वाण दिन. आमची माणसे चैत्यभूमीवर होती आणि केज तालुक्यातल्या मस्साजोगला पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर पहारा देणाऱ्या दलित समाजाच्या माणसाला खंडणीसाठी आलेल्या टोळीने मारहाण केल्याचा गुन्हा नोंदला गेला. कामाच्या जागेवर, कामाच्या वेळेत. सरपंच संतोष देशमुख त्याच्या बाजूने मध्ये पडले आणि ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण करून हालहाल करून खून करण्यात आला. देशमुख मराठा समाजाचे होते. एका दलित पहारेकऱ्याला मार बसतो म्हणून आडवा गेलेला सरपंच, ही गोष्ट आमच्या चळवळीने विसरू नये असे आम्हाला वाटते. या खुनानंतर महाराष्ट्राला कळले की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने वाटलेले आहेत. हवेत गोळ्या झाडण्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणारेही त्यात निघाले. मग गदारोळ झाला आणि काही महिन्यांत शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कोणता नवा कायदा आला? कोणताही नाही. तेच १९५९ च्या कायद्याचे कलम १७. काल ज्याला परवाना ठेवण्याचे कारण होते त्याचे कारण आज एका सहीने संपले.

म्हणजे सही करता येते. अॅट्रॉसिटीच्या नियम ३ खाली मात्र ती होत नाही. वीस वर्षांच्या वकिलीत अत्याचाराची अनेक प्रकरणे आमच्या हातून गेली. आरोपीच्या घरातल्या, नातेवाइकांच्या, मित्रांच्या बंदुका या नियमाखाली शस्त्रागारात गेल्याचे एकही प्रकरण आम्ही पाहिलेले नाही.

मुंबईच्या बाजूची दोन उदाहरणे थोडक्यात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने गोळ्या झाडल्या. सहा दिवसांनी दहिसर-बोरिवलीच्या बाजूला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा एका कार्यालयात खून झाला, आणि वापरलेले पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात निघाले. एक ठिकाण कायद्याचे कार्यालय, दुसरे खाजगी. दोन्हीकडे फाटकावर कोणी विचारले नाही की बंदूक आत कशाला. त्याआधी ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आपले वरिष्ठ टिकाराम मीना आणि तीन मुस्लिम प्रवासी यांना सरकारी बंदुकीने मारले. सरकारी बंदूकसुद्धा जातीधर्माच्या विषापासून आपोआप सुरक्षित नसते.

अमेरिकेत उलटी गंगा वाहते. तिथल्या ओक्लाहोमा राज्याने २००४ मध्ये आणि फ्लोरिडाने २००८ मध्ये असे कायदे केले की, कामगाराने आपली बंदूक कारखान्याच्या आवारात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवली तर मालकाने त्याला अडवायचे नाही. मालकाच्या आवारावर बंदुकीचा हक्क चढवला. हक्क म्हटला की तो असा पसरत जातो, आणि म्हणून १९४८ चा तो नकार किती दूरवरचा होता हे कळते. आपल्याकडे गरज उलट कायद्याची आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाची जागा या शब्दाची व्याख्या चांगली रुंद केली. कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहनसुद्धा त्यात आले. तीच व्याख्या उचलून परवान्याच्या अटीत घाला, आणि शेत, वीटभट्टी ही नावे त्यात स्पष्ट लिहा. बँकेच्या दारावरचा नेमलेला सुरक्षारक्षक वगळा, त्याला वेगळी खास परवानगी ठेवा. बाकी मालक, मुकादम, ठेकेदार यांनी मजूर जमले असताना बंदूक घरी ठेवावी.

तोपर्यंत जे हातात आहे ते वापरता येते. ग्रामसभा हा सार्वजनिक जमाव आहे, यात आम्हाला शंका नाही. गायरान, घरकुल, रस्ता यांचे विषय ग्रामसभेत निघतात आणि तिथेच कोणीतरी कमरेची वस्तू दाखवत बसतो. अशा वेळी भांडू नका, तारीख, वेळ, उपस्थित माणसे लिहून ठेवा आणि परवान्याच्या अटीचा भंग म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, प्रत पोलिस अधीक्षकांना. तक्रारीत जातीचा उल्लेख नसला तरी चालेल. अट मोडली एवढेच पुरेसे आहे.

सरकारकडून एक उत्तर ठरलेले येईल की, इतक्या बंदुका जमा करून घेणे व्यवहार्य नाही. त्यावर आमच्याकडेही उत्तर आहे. निवडणूक जाहीर झाली की काय होते? आचारसंहिता लागते आणि परवानाधारकांच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात. लोकसभेला होतात, विधानसभेला होतात. पावती मिळते, निकालानंतर बंदूक परत. मतपेटीच्या रक्षणासाठी जे दर दोन-अडीच वर्षांनी होते ते माणसाच्या रक्षणासाठी एका गावापुरते का होत नाही?

हे विचारण्याची जागाही कायद्याने ठरवून दिली आहे. नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समिती आहे, जिल्हादंडाधिकारी तिचे अध्यक्ष, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा तिची बैठक झालीच पाहिजे. या समितीवर आमच्या समाजाचे अशासकीय सदस्य असतात. बैठकीत ते अर्थसाहाय्याच्या थकलेल्या रकमेविषयी बोलतात, ते बोललेच पाहिजे. पण बंदुकीचा विषय त्यांच्यापैकी किती जणांनी इतिवृत्तात घालून घेतला? सदस्य म्हणून नाव छापून घेणे आणि सत्काराच्या शाली गोळा करणे यापुढे काही काम असते, हे आम्ही आमच्याच माणसांना सांगत आहोत, त्यांनी राग मानू नये.

बैठकीला जायच्या आधी आकडे हवेत आणि ते माहितीच्या अधिकारात मिळतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. परवानाधारकांची नावे मागू नयेत, ती नाकारली जाण्याचा संभव आहे आणि त्या वादात अर्ज अडकतो. संख्या मागावी. मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, भंडारा या सातही तालुक्यांत गावनिहाय चालू शस्त्र परवाने किती. त्यातले पीकसंरक्षणाचे किती, आत्मसंरक्षणाचे किती. अनुसूचित जाती आणि जमातीच्या किती अर्जदारांनी गेल्या दहा वर्षांत परवाना मागितला, किती जणांना मिळाला, नाकारला तर कारण काय. शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र नेण्याची खास परवानगी किती जणांना दिली. अटीचा भंग म्हणून किती परवाने रद्द झाले. अॅट्रॉसिटी नियम ३ खाली आजवर किती शस्त्रे शस्त्रागारात जमा करून घेतली, आणि शून्य असेल तर शून्य असे लेखी द्यावे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा असेल तर तेही लागत नाही.